दारूबंदीला मोजमापाची जोड हवी

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही अवैध विक्री थांबली नाही. म्हणूनच २०१६ मध्ये राज्य शासन, ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू केले. गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी, जनजागृती आणि व्यसनोपचार यांच्या जोडीला तेथे दारूच्या वापराचे नमुना सर्वेक्षणही होते.

शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी अवैध दारू व वाढत्या गुन्ह्यांचे कारण देत २०२१ मध्ये उठवण्यात आली. मात्र गुन्ह्यांची नोंद वाढणे हे कडक कारवाईचेही लक्षण असू शकते. सेवन घटले की नाही, हे घरोघरच्या पाहणीतूनच कळते. बंदी लादताना किंवा उठवताना शासनाने आधी तेच मोजले पाहिजे. अन्यथा निर्णयाची किंमत व्यसनग्रस्तांची कुटुंबेच मोजतील.