विश्लेषण : सायकल चालवताना मान का दुखते? उत्तर हँडलच्या अंतरात!

आषाढीच्या पालख्या पंढरपुरात पोहोचण्याआधीच हेल्मेट घातलेले वारकरी शहराच्या वेशीवर दिसू लागतात. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची नाशिक–पंढरपूर सायकल वारी दशकभराहून अधिक काळ सुरू आहे. पुण्याहूनही सायकलस्वारांचे जथे येतात, आता इतर जिल्ह्यांतूनही येऊ लागले आहेत. शेकडो किलोमीटर पॅडल मारून आलेले हे लोक चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात, तेव्हा अनेकांचे पाय ठणठणीत असतात. दुखत असते ती मान, खांदे आणि मनगटे. करंगळी आणि शेजारच्या बोटाला आलेली बधिरता दोन-दोन दिवस जात नाही.

‘पहिल्यांदाच एवढे अंतर मारले, दुखणारच’ असे म्हणून हा विषय मिटवला जातो. ते अर्धसत्य आहे. पाय थकणे हा अंतराचा परिणाम असतो. हात बधिर होणे हा बहुतेक वेळा सायकलच्या मापाचा दोष असतो आणि त्यातही सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराचा. सायकल विकताना दुकानात सीट वरखाली करून दिली जाते, हवा भरली जाते, घंटी बसवली जाते. हँडलकडे मात्र कोणी पाहत नाही.

हँडल लांब असले की नेमके काय होते?

सीटवर बसल्यावर हात जिथे सहज पोहोचतात, त्यापेक्षा हँडल पुढे असेल तर शरीर पुढे ओढले जाते. कोपरे ताठ होतात. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा हिसका कोपरात न जिरता थेट खांद्यात जातो. पुढचे दिसावे म्हणून वाकलेल्या पाठीवर मान मागे मोडून वर धरावी लागते. तळव्यावर वरच्या शरीराचे वजन पडते आणि करंगळीच्या बाजूने जाणारी अल्नर नावाची नस दाबली जाते. वैद्यकीय भाषेत याला ‘हँडलबार पाल्सी’ म्हणतात. ही बधिरता सायकल थांबवल्यावरही राहत असेल किंवा बोटांची पकड सैल पडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि पान्याला नंतर हात लावावा.

लक्षणे ओळखायला यंत्र लागत नाही. दहा मिनिटे सायकल चालवल्यावर सायकलस्वार नकळत सीटच्या टोकाशी सरकतो का? हात मुठीच्या मधोमध न राहता आतल्या बाजूला, हँडलच्या मध्याकडे येतात का? तसे होत असेल तर शरीर स्वतःच अंतर कमी करून घेत असते. उलट वळताना गुडघा हँडलला लागत असेल आणि सगळे वजन बैठकीवर येत असेल, तर हँडल गरजेपेक्षा जवळ आहे. कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटे हँडलपर्यंत पोहोचतात का, हे पाहण्याची जुनी पद्धत अनेक मेकॅनिक वापरतात. ती पहिल्या अंदाजापुरती ठीक आहे. प्रत्येकाच्या धडाची लांबी आणि लवचीकता वेगळी असल्याने तिच्यावर विसंबून चालत नाही.

आजोबांची काळी सायकल आरामदायी का होती?

कोर्टी, गोपाळपूर, वाखरीकडून पंढरपुरात येणारी जुनी काळी सायकल अजूनही एखाद-दुसरी दिसते. हँडलला दुधाची किटली, मागे कॅरिअरवर पोते आणि साठी ओलांडलेला चालवणारा ताठ बसलेला. त्या सायकलचे हँडल पुढे गेलेले नसून चालवणाऱ्याकडे वळून आलेले असते. मुठी जवळ येतात, पाठ सरळ राहते, मान वाकत नाही. आज शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळ्यांना विकली जाते ती जाड टायरची, सरळ दांड्यासारखे हँडल असलेली ‘माउंटन’ सायकल. तिची घडण डोंगरवाटांवर पुढे झुकून तोल सांभाळण्यासाठी झाली. पंढरपुरात डोंगर कुठे आहे? सपाट रस्त्यावर बाजारहाट करणाऱ्याला ती बैठक निष्कारण त्रास देते. जुनी सायकल टाकून नवी घेतली आणि सायकलच सुटली, असे घडते ते यामुळेही.

हा प्रश्न जुनाच आहे. १८९९ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगज्जेतेपद मिळवणारे अमेरिकेचे कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर हँडल पुढे-मागे सरकवता येईल असा जोड वापरत. पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. शर्यतीसाठी त्यांना हँडल पुढे न्यायचे होते. सामान्य माणसाची गरज नेमकी उलटी. १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी यांनी अमेरिकेत स्त्रियांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली, तिच्या मुळाशीही हीच तक्रार होती : पुरुषांच्या मापाने बनलेल्या सांगाड्यावर कमी उंचीच्या स्त्रियांना हँडल फार दूर पडते.

सीट पुढे सरकवली की झाले का?

सर्रास होणारी चूक ती हीच. हँडल दूर वाटले की सीट खालचा बोल्ट सैल करून सीट पुढे ढकलायची. अंतर कमी होते, पण बिघडते दुसरेच. सीटची जागा हँडलसाठी नसते, ती पायासाठी असते. सीट फार पुढे आली की गुडघ्यावर ताण येतो आणि शरीराचा तोल पुढे जाऊन तळव्यांवरचे वजन उलट वाढते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सीटची उंची : टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली आल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग सीट सपाट आहे ना, टोक खाली झुकलेले नाही ना, हे पाहावे. झुकलेल्या सीटवरून माणूस सतत घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. हे दोन्ही जमल्यावरच हँडलला हात लावावा.

मग हँडल जवळ कसे आणायचे?

हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम. नव्या सायकलींत तो चिमट्याच्या नळीला बाहेरून बाजूच्या दोन बोल्टनी आवळलेला असतो. त्याच्या वर कड्या असतील तर त्या स्टेमच्या खाली ठेवून हँडल उंच करता येते. चिमट्याची नळी मागे कललेली असल्याने १० मिलिमीटर वर गेलेले हँडल सुमारे ३ मिलिमीटर जवळही येते. बऱ्याच स्टेमना ६ अंशांचा कोन असतो आणि ते खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. १०० मिलिमीटरचा असा स्टेम उलटा केला की हँडल साधारण २० मिलिमीटर वर आणि ६ मिलिमीटर जवळ येते. यासाठी एक रुपयाही लागत नाही, एक ‘एलएन की’ पुरते. तरीही दूर वाटले तर १०० ऐवजी ८० किंवा ७० मिलिमीटरचा स्टेम घ्यावा. साधा ॲल्युमिनियमचा स्टेम काही शे रुपयांत मिळतो. मात्र हँडलच्या मधल्या भागाची जाडी २५.४ मिलिमीटर आहे की ३१.८, हे मोजूनच घ्यावा. फाकवून किंवा पत्रा घालून बसवलेला स्टेम चालत्या सायकलवर सुटू शकतो. फार आखूड स्टेमने हँडल चंचल होते, म्हणून एकदम अर्ध्यावर येऊ नये.

वरच्या टोपणाचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, हे अनेकांना माहीत नसते. तो फक्त आतल्या बेअरिंगचा ढिलेपणा काढतो. आधी तो बेताने आवळायचा, मग चाक आणि हँडल एका रेषेत आणायचे आणि शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. हा क्रम उलटा झाला की हँडल जड फिरते किंवा खडखडते. नंतर पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहावे; ते सरकता कामा नये.

जुन्या आणि स्वस्त सायकलींत स्टेमची दांडी नळीच्या आत जाते. वरचा बोल्ट थोडा सैल करून लाकडाच्या तुकड्यावरून ठोकले की ती सुटते आणि वर घेता येते. पण दांडीवर कोरलेली खूण दिसू लागली की थांबायचे. त्यापुढे वर घेतलेले हँडल मोडून हातात येऊ शकते. काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतील तर हँडल वर घेतल्यावर ब्रेकची जोडणीही नव्याने लावावी लागते. सरळ हँडलच्या सायकलवर सर्वांत सोपा उपाय पुष्कळदा स्टेमचा नसतोच : मागे वळलेले हँडल बसवायचे. दिसायला ते ‘जुनाट’ वाटते आणि तरुण मुले नाक मुरडतात, पण चाळिशीनंतरच्या माणसाला याहून मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. हँडल बदलताना ब्रेकच्या केबल पुरतात का, हे मात्र तपासावे.

मुलांचे काय?

‘अंगाला येईल’ म्हणून मोठा गणवेश घेणे समजू शकते. त्याच हिशेबाने मोठी सायकल घेणे धोक्याचे आहे. हँडल दूर असले की लहान हाताची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत आणि यात्रेच्या गर्दीत, बसस्थानकासमोर त्याची किंमत मोजावी लागते. बऱ्याच ब्रेकच्या मुठीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी मुठीजवळ येते. विकताना दुकानदाराने हे दोन मिनिटांचे काम करून द्यायला हवे. पालकांनीही मुलाला दुकानातच सायकलवर बसवून, ब्रेक दाबायला लावून मगच पैसे द्यावेत.

सायकल वारीला निघणाऱ्यांनी हे बदल आदल्या रात्री करू नयेत. किमान दोन-तीन आठवडे आधी करावेत आणि एका वेळी एकच. स्टेम बदलला तर त्या आठवड्यात सीट हलवू नये, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. जुनी जागा खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. रोजच्या रस्त्यावर तास-दीड तास चालवून पाहिल्यावर बोटांना मुंग्या आल्या नाहीत, तर त्या जागेवर बोल्ट पक्के करावेत.