सरोवराचा दावा, आरोपी शेतकरी?

नदीला, सरोवराला माणसासारखे कायदेशीर हक्क द्या, ही मागणी जगात जोर धरते आहे. शेतकऱ्याने ती हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात काय घडले ते पाहावे.

हे शहर एरी सरोवराचे पाणी पिते. ऑगस्ट 2014 मध्ये सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही उपयोग नव्हता. पाणी आटते, विष राहते. शेवाळ पोसले ते मुख्यतः मॉमी नदीने वाहून आणलेल्या फॉस्फरसवर, म्हणजे शेतातल्या वरखतावर आणि शेणखतावर. सरकार ढिम्म. मग नागरिकांनीच सह्या गोळा करून मतदान घ्यायला लावले. फेब्रुवारी 2019 मध्ये 61 टक्के मतांनी ठरले की सरोवराला जगण्याचा, बहरण्याचा हक्क आहे आणि त्याच्या वतीने शहरातला कोणीही कोर्टात जाऊ शकतो.

दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेला तो शेतकरी. या कायद्याच्या विरोधात! शेतात खत टाकले म्हणून उद्या दावा आपल्यावरच, ही त्याची भीती. ती खोटी नव्हती. किती खत चालेल याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हते. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी तो संदिग्ध आणि शहराच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. मका पेरणेही त्याच्या कचाट्यात येऊ शकेल, असे त्यांनी निकालात म्हटले. शहर हरले, शेतकरी सुटला, सरोवराचे दुखणे कायम.

आपल्याकडे मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवले. पालक कोण? सरकारी अधिकारी! राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैत निकालाला स्थगिती मिळाली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीचा कायदा केला. तिच्या वतीने बोलणारे दोघे: एक सरकारने नेमलेला, दुसरा नदीशी नाते असलेल्या माओरी जमातींनी. या लोकांनी शंभरावर वर्षे भांडून ते मिळवले.

पाणी नासले तर पहिले नुकसान काठच्या शेतकऱ्याचे, तेव्हा नदीच्या हक्काला विरोध करण्याचे कारण नाही. पण युरियाची किंमत सरकार ठरवणार, खताच्या मात्रा सरकारी शिफारशीच्या, आणि पिंजऱ्यात उभा एकटा शेतकरी, हे चालणार नाही. असा मसुदा ग्रामसभेपुढे आला तर पालकांत काठचा शेतकरी आहे का, कारखान्याचे मळीचे पाणी आणि शहराचे सांडपाणी त्यात नाव घेऊन लिहिले आहे का, हे वाचूनच सही करावी.