दुकानाचं दार कुणासाठी उघडं?



महागाई म्हटलं की आपण सरकारला आणि साठेबाजांना जाब विचारतो. विचारायलाच हवा. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याचसाठी. पण भाववाढीचं एक कारण अगदी घराशेजारी असतं आणि ते आपल्या नजरेतून सुटतं. दुकान कोण टाकू शकतं आणि कोण नाही, हा तो सवाल.

मी मारेगाव तालुक्यात बचत गटांचं काम करते. इथल्या एका कोलाम पोडावर किराण्याचं दुकान एकच. मजुरी रोजची, म्हणून बाई दहाचं तेल, पावशेर डाळ घेते. त्या पावशेराचा भाव किलोवर नेऊन पाहिला, तर मारेगावच्या बाजारापेक्षा बराच चढा निघतो. तिला हे कळत नाही असं नाही. पण उधारीची वही त्याच दुकानात आहे. कापूस विकून पैसा येईपर्यंत चूल त्या वहीवर पेटते. मग भांडणार कशी?

दुकानदार दुष्ट आहे, असं मी म्हणत नाही. त्यालाही गाडीभाडं पडतं, त्याचीही उधारी बुडते. पण समोर दुसरं दुकानच नसेल, तर भाव उतरवायचं त्याला कारण काय?

दुसरं दुकान का निघालं नाही? गटातल्या एकीनं खटपट केली होती. बँकेनं तारण मागितलं; घर नवऱ्याच्या नावावर. ठोक व्यापारी जुन्या गिऱ्हाइकांना माल उधार देतो, तिला म्हणाला रोख आण. घरचे म्हणाले, बाईमाणूस गल्ल्यावर बसणार का? बेत तिथंच मोडला. नुकसान तिचं एकटीचं झालं का? नाही. तो चढा भाव पोडावरची प्रत्येक बाई आजही भरते आहे.

काही जण म्हणतात, मोठ्या कंपन्यांना येऊ द्या, स्वस्ताई होईल. २०१२ साली किरकोळ व्यापार परकीय भांडवलाला खुला करताना हेच सांगितलं गेलं. पण कंपनीचं दुकान खिसा पाहून जागा निवडतं. ते पोडावर येणार नाही आणि दहाचं तेलही देणार नाही.

कायदे आपल्या बाजूनं आहेत. रेशन दुकानांच्या परवान्यात महिला बचत गटांना प्राधान्य देण्याचा निर्णय राज्य सरकारनं २००७ साली घेतला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही ही दुकानं महिलांनी चालवावीत असं म्हटलं आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांच्या. नगरपंचायतीलाही तो लागू आहे. तरी रस्त्याकडेला भाजीची टोपली मांडणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलं?

म्हणून आपण विचारायचं. तहसीलमध्ये विचारायचं, रेशन परवान्याचा जाहीरनामा कधी निघतो आणि तो पोडावर का पोचत नाही. नगरपंचायतीत विचारायचं, समितीत आमच्या बायका कुठं आहेत. बँकेत विचारायचं, गटाची वर्षानुवर्षांची नियमित परतफेड हे तारण नाही का?

आणि तोवर गटानं मिळून डाळीचं पोतं आणायचं, वाटून घ्यायचं. त्या पोत्याचा हिशेब ठेवता आला, तर दुकानाचाही ठेवता येईल.