हौदावरचा फेस पुसण्याआधी



पावसाळ्यात डहाणू-तलासरीकडच्या वाड्यांमध्ये बागेच्या हौदाला, नाहीतर त्यावर झुकलेल्या फांदीला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. आपण घाण समजून तो खराट्याने काढतो. ते झाडावरच्या बेडकाचं घरटं असतं. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात शेकडो अंडी घालते. वरचा फेस वाळला तरी आत ओल टिकते. काही दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात पडतात.

पाणी गाळून गाळण्यातले जीव जिथल्या तिथे सोडणाऱ्या आपण पंचेंद्रिय जिवांचं घरटं पुसून टाकावं, हे मला पटत नाही. नंद मणियार स्वतः बांधलेल्या पुष्करिणीत बेडूक होऊन जन्मला आणि भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला, ही कथा आपण मुलांना सांगतोच ना?

1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. पण कायदा आपल्या मोरीपर्यंत येत नाही. तिथे जयणा आपणच पाळायची. हौद चातुर्मासाआधी धुऊन घ्या. फेस दिसला, तर पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत हौद रिकामा करू नका. मोरीत बेडूक असेल, तर फिनाईल टाकू नका. त्याच्या पातळ कातडीतून ते अंगात भिनतं.