चार रकाने आता पुसा: मॉरिशसच्या पंतप्रधानांना खुले पत्र

माननीय श्री. नवीनचंद्र रामगुलाम यांस,



परक्या देशाच्या निवडणूक कायद्यात मी मुंबईत बसून नाक खुपसावे, हा अधिकार मला कोणी दिला असे आपण विचाराल. अधिकार नाही, नाते मात्र आहे. इथून आपल्या ऊसमळ्यांत राबायला गेलेल्यांची पतवंडे तिथे आजही मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. पण आपल्या राज्यघटनेच्या लेखी ही माणसे मराठी नाहीत. तमिळ, तेलुगू भाषकांसारखीच तीही ‘हिंदू’ या एका रकान्यात जमा आहेत.

रकाने एकूण चार. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. उमेदवाराने अर्जावर आपला रकाना सांगायचा; न सांगितल्यास अर्ज बाद. चौथ्या रकान्याची व्याख्या तर मोठी मासलेवाईक आहे: राहणीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो. त्यामुळे साखरेच्या मळ्यांचे फ्रेंच वंशाचे मालक आणि त्याच मळ्यांत राबलेल्या गुलामांचे क्रिओल वंशज कायद्याने एकाच जमातीचे ठरतात! १८३५ साली गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि गरीब वस्त्या पेटल्या. कागदावर ‘सर्वसाधारण लोकसंख्ये’ला प्रतिनिधित्व तेव्हाही होतेच. ते नेमके कोणाचे, हे रकाना सांगत नाही.

ही व्यवस्था मूर्खपणातून आली, असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत मुस्लिम-क्रिओल दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा वेळी ज्या जमातीचे कमी लोक निवडून आले, तिच्यातल्या आघाडीच्या पराभूतांना आठ जादा जागांतून सभागृहात घेण्याच्या तरतुदीने अल्पसंख्याकांना धीर दिला. १९६१ मध्ये जेम्स मीड यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने आपल्या बेटाचे भवितव्य फारसे आशादायक मानले नव्हते. कापड, पर्यटन आणि शांततेच्या जोरावर आपण ते भाकीत खोटे ठरवलेत.

पण या जादा जागांचा हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतरच्या जनगणनांत जमात विचारलीच जात नाही. (आम्ही हसू नये. जातींच्या आकड्यांसाठी आम्हीही वर्षानुवर्षे १९३१ वरच विसंबलो.) ताजी गणना नसताना उमेदवाराला जमात सांगायला लावणे हा हक्कभंग आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये सांगितले. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, मग पुन्हा जुनेच. गंमत म्हणजे ज्या ‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव’च्या कार्यकर्त्यांनी ही तक्रार नेली, तो पक्ष २०२४ ची निवडणूक आपल्याच आघाडीतून लढला.

पुन्हा जमाती मोजा, असे काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. त्याने रकाने ताजे होतील, मालक आणि मजूर मात्र एकाच ओळीत राहतील. जादा जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरा आणि अर्जावरचा तो प्रश्न काढून टाका. आणि ज्यांचे दुखणे जमिनीचे आहे, त्यांना जमिनीचे उत्तर द्या. आपल्याच देशाच्या सत्य व न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात हिरावल्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न सविस्तर मांडलेला आहे.

बहुमताची सबब आपल्याला सांगता येणार नाही. १९९५ मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा आपल्या आघाडीने जिंकल्या होत्या, २०२४ मध्ये ६२ पैकी ६०. पहिल्या वेळी चार रकाने जसेच्या तसे राहिले. या वेळी घटनादुरुस्तीचे विधेयक पुढच्या निवडणुकीआधी सभागृहात आणा.

आपला,
मुंबईचा एक मराठी वाचक