गंधर्वांचे वेड आणि आमच्या घरच्या पाटल्या

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसा कलह झाला. आमची नात यंदा सतराव्या वर्षात आहे. कोरिया देशातील सात तरुणांच्या ‘बीटीएस’ नामक गायकमंडळीचे तिला विलक्षण वेड. खोलीच्या भिंतीवर त्यांची चित्रे, वहीच्या कोपऱ्यांत त्यांच्या लिपीतील अक्षरे. ती लिपी तिने आपली आपण शिकून घेतली आहे. मंडळीतील एकेक जण 2022 च्या डिसेंबरापासून सक्तीच्या लष्करी सेवेवर गेला, तेव्हा हिने तारखा मोजण्यास आरंभ केला, आणि 2025 च्या जूनमध्ये त्या सातांतील शेवटचाही मोकळा झाला त्या दिवशी घरात शिरा केला. इतके सर्व आम्ही कौतुकाने पाहिले. परंतु वाढदिवसास मिळालेले सर्व पैसे तिने त्या मंडळीच्या गाण्यांच्या एका पेटीवर खर्चिले, तेव्हा सूनबाईंचा संयम सुटला. “परक्या देशातली माणसं, परकी भाषा! त्यांना हिचं नावसुद्धा ठाऊक नाही,” असे त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या. आम्ही वडीलकीच्या नात्याने दोन शब्द सुनवावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही चष्मा पुसत बसलो. कारण ज्या कपाटास पाठ लावून आम्ही बसलो होतो, त्यात आमच्या आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत, आणि त्या तबकड्यांचा इतिहास सूनबाईंपेक्षा आम्हास अधिक ठाऊक आहे.

बीटीएस मंडळी लोकांपुढे आली ती 2013 च्या जून महिन्यात. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 1913 साली, नारायणराव राजहंस, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. या योगायोगास काही अर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही. पण नातीस तो फार आवडला. टेंबे आणि बोडस पुढे निराळे झाले, आणि मंडळी म्हणजे बालगंधर्व असे समीकरण होऊन बसले.

आमचे आजोबा अकोटच्या कोर्टात वकिली करीत. थोडी काळी जमीन होती, तीत कापूस होई. कार्तिकापासून कापूस घरी येऊ लागला, की पौषापर्यंत वऱ्हाडात पैसा खेळू लागे, आणि ही गोष्ट नाटकमंडळ्यांसही चांगली ठाऊक असे. मंडळीचा मुक्काम अकोल्यास पडला, की आजोबांच्या पक्षकारांस तारखा मिळणे दुरापास्त होई. अकोट ते अकोला सुमारे अठ्ठावीस मैल. अकोटास तेव्हा रेल्वे नव्हती. ती पुढे आली, रुळ रुंद करण्यासाठी 2017 साली बंद पडली आणि 2022 च्या नोव्हेंबरात पुन्हा अकोल्यापर्यंत धावू लागली. आजोबांच्या काळी दमणी जुंपावयाची, चोहोट्ट्यास बैलांस पाणी दाखवावयाचे, पूर्णा ओलांडावयाची आणि दिवेलागणीस अकोल्यास पोहोचावयाचे. नाटक पहाटेस संपे. त्याच पावली परत. असे त्यांनी एका मुक्कामात तीन वेळा केले आहे, आणि तिन्ही वेळा नाटक एकच, ‘स्वयंवर’.

‘स्वयंवर’ 1916 साली रंगभूमीवर आले. खाडिलकरांचे शब्द, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि रुक्मिणीच्या वेषात नारायणराव. आजोबा सांगत, की पडदा उघडण्यापूर्वीच अत्तराचा दरवळ सुटे, ऑर्गनचा पहिला सूर भरे, आणि मग भरजरी शालू नेसून ते प्रवेश करीत तेव्हा सभागृहातील माणसे श्वास घेण्याचे विसरत. सारंगीवर कादरबक्ष, पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा. जे पद तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांत आटपते, ते तेथे ‘वन्स मोअर’ घेत घेत घटकाभर चाले. नारायणरावांच्या वेषभूषेचा प्रभाव घराघरांत शिरला होता. कुलीन स्त्रिया पदर कसा घ्यावा, अंबाड्यात फुले कशी माळावी, हे एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या. आमच्या आजीने मात्र तोवर एकही नाटक पाहिले नव्हते. तिच्या वाट्यास दमणीत ठेवावयाचे दशम्यांचे गाठोडे बांधणे एवढेच येई.

आता पाटल्यांची गोष्ट.

1921 च्या जुलैमध्ये मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ व्हावयाचे ठरले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास. लोकमान्यांस जाऊन वर्षही झाले नव्हते. लहान वयाच्या नारायणास ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्यांनीच दिली असे सर्वत्र सांगत. तेव्हा आजोबांच्या दृष्टीने हा केवळ प्रयोग नव्हता. यात देश होता, टिळक होते, गंधर्व होते. तिकिटांचे दर त्या काळच्या मानाने भलतेच चढले होते. शिवाय मुंबईचा प्रवास आणि मुक्काम. दिवस आषाढाचे. घरातील रोकड पेरणीत गेलेली. आजोबांनी आजीच्या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या.

विचारले होते काय? विचारले होते, असे आजोबा म्हणत. आजी म्हणे, “विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.” स्वराज्य फंडाचे नाव पुढे केल्यावर ती काय बोलणार? दुथडी भरलेली पूर्णा नावेने ओलांडून आजोबा गेले, 8 जुलैचा तो प्रयोग त्यांनी पाहिला, आणि पुढील चाळीस वर्षे त्याचे वर्णन केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव वारले. “पाटल्या काय, पुन्हा करता येतात, तो प्रयोग पुन्हा होणे नव्हते,” हे आजोबांचे समर्थन. वकिली समर्थन असल्याने त्यात चूक काढणे कठीण होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मंडळी पुन्हा अकोल्यास आली असता आजोबा प्रथमच आजीस बरोबर घेऊन गेले. मनात काही टोचत असावे असा आमचा तर्क आहे. नाटक होते ‘एकच प्याला’. ते लिहून गडकरी 1919 च्या जानेवारीत सावनेरास वारले आणि त्याच वर्षी ते रंगभूमीवर आले. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले नारायणराव या नाटकात ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहत. नवऱ्याच्या व्यसनापायी सिंधूच्या अंगावरील एकेक वस्तू जाते, घर जाते, शेवटी प्राण जातो, आणि ती ‘नाही’ म्हणत नाही. आजोबा पुरुषांच्या बैठकीत पुढे बसून ढसढसा रडले. आजी बायकांत बसली होती. हातात काचेच्या बांगड्या.

परतताना पूर्णेच्या काठी बैल सोडले. आजोबा तोंड धुऊन आले आणि प्रयोगाविषयी बोलू लागले. आजीने ऐकून घेतले व म्हणाली, “सिंधूसाठी फार डोळे पुसलेत तुम्ही. तिच्या हातात काही नव्हतं, ते दिसलं ना पुढच्या रांगेतून?”

आजोबा अकोटापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, असे आजी सांगे. त्यांनी तपकीर सोडली, दिवाणखान्यातील घड्याळ विकले, आणि पुढील हंगामात पाटल्या सोडवून आणल्या. नाटके सोडली नाहीत. परंतु त्या दिवसापासून आजीवाचून गेलेही नाहीत, आणि ग्रामोफोन घेतला तेव्हा त्याची किल्ली तिच्या स्वाधीन केली. दुपारी घरची निजानीज झाली, की ती अकोटचीच विणलेली सतरंजी अंथरून एकटी तबकड्या लावीत बसे.

आम्हास कळू लागल्यावर ध्यानी आले, की दोघांत खरी जाणती आजीच होती. आजोबांची भक्ती आंधळी. त्यांचे गंधर्व कधी बेसूर होत नसत. आजी ऐके आणि विचारीही. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 चा. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी वारली, तरी ते रात्री भामिनी म्हणून उभे राहिले. ही कथा आजोबा डोळ्यांत पाणी आणून सांगत. आजी दर वेळी विचारी, “आणि तिची आई? लक्ष्मीबाई कुणाजवळ बसल्या असतील त्या रात्री?” या प्रश्नास आजोबांपाशी उत्तर नसे.

पुढे बोलपट आले आणि मंडळीवर उतरती कळा आली. कर्ज तर पूर्वीपासून होतेच. इतका शालू-अत्तरांचा थाट कोणत्या हिशेबात बसावा? 1935 साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ झाले. आजोबा तो पाहून आले आणि जेवले नाहीत. समोर माणसे नसता गंधर्व गातील कुणासाठी, असे ते म्हणत. आणि खुद्द नारायणरावही रंगभूमीकडेच परतले. 1938 साली गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यानंतर जे झाले त्याची आमच्या समाजाने अभिमान बाळगावा असे काही नाही. बाई परधर्मीय, त्यातून रंगभूमीवरची. ज्यांनी पूर्वी तिकिटांसाठी धक्के खाल्ले होते तेच आता नाक मुरडू लागले. आजोबांनीही दोन वर्षे तबकड्यांस हात लावला नाही. आजी रोजच्याप्रमाणे लावीत असे. गोहरबाईंच्या स्वतःच्या तबकड्या निघाल्या होत्या, आणि त्यांत गायकी होती ती गंधर्वांचीच. तीही एक आजीने मागविली.

आजोबा चिडले तेव्हा ती म्हणाली, “त्या बाईनं त्यांच्या गाण्यापायी जन्म दिला. तुम्ही तिकिटं काढलीत.”

गोहरबाई 1964 साली गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांस पद्मभूषण मिळाले. 15 जुलै 1967 रोजी तेही गेले. आजोबा त्यापूर्वीच वारले होते. बातमी आली तेव्हा आम्ही घरीच होतो. आजी उठली, ग्रामोफोनची किल्ली काढली, आणि लावली ती ‘स्वयंवरा’ची तबकडी. सुई झिजलेली होती, आवाज घरघरत होता. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि ती स्वयंपाकास गेली.

हे सर्व त्या संध्याकाळी आम्ही नातीस सांगितले. सूनबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. नातीने आपल्या फोनवर तेच पद शोधून काढले. आता ते कुणासही घरबसल्या ऐकता येते. डोळे मिटून तिने ते ऐकले, आणि ‘पुन्हा लावू?’ असे विचारले. मग म्हणाली, “आबा, पणजीच्या पाटल्या आता कुणाकडे आहेत?” त्या सूनबाईंच्याच हातात होत्या. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. नातीने आईचा हात हाती घेऊन त्या बराच वेळ फिरवून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे एक हिशेबाची वही मागितली. शेजारच्या दोन मुलांस गणित शिकवून ती आता पैसे साठविते आहे. त्या मंडळीचा प्रयोग प्रत्यक्ष पाहावयाचा तिचा निश्चय आहे, आणि आईसही बरोबर न्यावयाचे आहे. सूनबाई म्हणतात, मला त्यातले एक अक्षर कळणार नाही. परवा मात्र त्या सातांपैकी कोणता कोण, हे विचारताना आम्ही त्यांस ऐकले.