ताडोबाच्या जुन्या जिप्सी आणि त्यांचे ऑइल फिल्टर : क्षेत्र संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. क्षेत्र संचालक,
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर.

प्रत : मा. मुख्य वनसंरक्षक, गडचिरोली वनवृत्त.

विषय : सफारी वाहनांच्या तपासणीत ऑइल फिल्टरचा दर्जा, त्याच्या बदलीचा काळ आणि जुन्या तेलाची विल्हेवाट यांचा समावेश करण्याबाबत.



मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांवरून पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या उघड्या वाहनांमध्ये मारुती जिप्सीचे प्रमाण आजही मोठे आहे. १९८५ च्या अखेरीस ९७० घनसेंटिमीटरच्या इंजिनासह बाजारात आलेली, १९९६ मध्ये १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन लाभलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास बनायची थांबली. त्यामुळे सफारीच्या रांगेत उभी असलेली प्रत्येक जिप्सी आता जुनी गाडी आहे आणि दरवर्षी ती आणखी जुनी होणार आहे. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. गावकऱ्यांच्या खासगी जिप्सींना मात्र तो नियम लागू नाही आणि त्यांवर अनेक घरांची चूल अवलंबून आहे. इंजिन बांधून घेण्याचा खर्च अशा घराला एका हंगामात पेलणे अवघड असते. तो खर्च पुढे ढकलणारा सर्वांत स्वस्त भाग काहीशे रुपयांचा असतो, आणि नेमका त्याच्याच खरेदीत हात आखडता घेतला जातो.

ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात घड्या घालून बसवलेला गाळणकागद. तेलाचा पंप इंजिनातील सर्व तेल आधी या कागदातून ढकलतो आणि मग ते बेअरिंगपर्यंत, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्यांपर्यंत, पोहोचते. तेथील तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून डोळ्यांना न दिसणारे पाच ते वीस मायक्रॉनचे कणच तेथे अधिक झीज करतात. हे कण फिल्टर किती अडवतो हे आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय चाचणीने मोजता येते. तीत फिल्टरपूर्वीच्या कणसंख्येला नंतरच्या कणसंख्येने भागतात : उत्तर २ आले तर निम्मे कण अडले आणि ७५ आले तर सुमारे ९८.७ टक्के. वेष्टनावर नुसते ‘दहा मायक्रॉन’ छापलेले असेल आणि हे गुणोत्तर दिलेले नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

जितका बारीक तितका चांगला, हा समजही जुन्या इंजिनाच्या बाबतीत फसवा ठरतो. प्रत्येक फिल्टरमध्ये, किंवा काही रचनांत इंजिनाच्या बाजूला, बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा तेल थंडीने दाटले आणि कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक साधारण एक बारच्या आसपास गेला की ही स्प्रिंगची झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते, कारण बेअरिंगला अजिबात तेल न मिळण्यापेक्षा घाणेरडे तेल मिळणे कमी घातक असते. झिजलेल्या इंजिनात दाट तेल घालण्याची सवय सर्वत्र आहे. अशा तेलावर अतिबारीक पण आकाराने लहान फिल्टर बसवला, तर डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे झडप उघडीच राहते. उत्पादकाने त्या इंजिनासाठी ठरवलेला, ठरवलेल्या दाबाला झडप उघडणारा आणि कागदाचे क्षेत्रफळ पुरेसे असणारा फिल्टर म्हणूनच चांगला.

दुसरी झडप रबराची असते. गाडी बंद असताना फिल्टरमधील तेल उलटे वाहून जाऊ नये, एवढेच तिचे काम. ती निकामी असली की पहाटेच्या फेरीला चावी फिरवताच टॅपेट खडखडतात, कारण फिल्टर पुन्हा भरेपर्यंत इंजिनाच्या वरच्या भागात तेल चढत नाही. साध्या नायट्राइल रबरापेक्षा सिलिकोनची झडप उष्णतेत अधिक काळ लवचीक राहते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो, तेथे या फरकासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्यच होय.

डुप्लिकेट मालाचा धोका वेगळाच आहे. बनावट फिल्टर बाहेरून हुबेहूब असतो. आत घड्या विरळ आणि वाकड्या, कागदाच्या टोकांचा डिंक सुटलेला, कधी रबरी झडपच नाही. आट्यांचे मापही तपासावे लागते. २० मिलिमीटरच्या आट्यांचा फिल्टर पाऊण इंचाच्या, म्हणजे १९.०५ मिलिमीटरच्या, खुंटावर ढिला का होईना चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि तेलाचा दाब वाढल्यावर निसटू शकतो. जुन्या फिल्टरचे रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला, तरी परिणाम तोच : काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर. नव्या वायसरला तेलाचे बोट लावून ते टेकल्यानंतर हाताने सुमारे पाऊण फेरा आवळणे, ही चांगल्या मिस्त्रीची पद्धत पुरेशी असते. पान्याने आवळण्याची गरज नसते.

तथापि या पत्राचे मुख्य म्हणणे फिल्टरच्या निवडीइतकेच त्याच्या बदलीच्या हिशेबाविषयी आहे. सगळीकडे तेल आणि फिल्टर किलोमीटरवर बदलतात. महामार्गावर ताशी पन्नासच्या सरासरीने पाच हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे शंभर तास. जंगलात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ताशी वीसने तेच अंतर म्हणजे अडीचशे तास. म्हणजे काट्यावर तेवढाच आकडा दाखवणाऱ्या सफारीच्या जिप्सीतील तेल अडीचपट राबलेले असते, आणि तेही पुढच्या गाडीची धूळ खात. हा हिशेब कोणत्याही गॅरेजमध्ये लिहिलेला नसतो, पण प्रकल्पाकडे तो आहे. कोणती गाडी किती वेळा आत गेली याची नोंद प्रवेशद्वारावर होतेच. एका फेरीत इंजिन सरासरी तीन तास चालते असे धरले, तर पन्नास फेऱ्यांचे दीडशे तास होतात आणि तेवढ्यानंतर तेल-फिल्टर बदलणे जुन्या इंजिनासाठी वाजवी ठरते. क्षेत्र संचालनालयाने प्रत्येक वाहनाच्या पन्नासाव्या फेरीला चालकास स्मरण देणे आणि बदलीची पावती पाहणे, एवढी तरतूद केली तरी पुरेसे होईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. ताडोबाच्या कच्च्या वाटांवरील सिलिकायुक्त धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः हवेच्या फिल्टरमधून किंवा त्याच्या फाटलेल्या नळीतून, आणि ती एकदा आत गेली की उत्तम ऑइल फिल्टरही सिलिंडरची झीज थांबवू शकत नाही. म्हणून तपासणीत हवेचा फिल्टर आधी उघडून पाहावा.

गडचिरोलीकडे प्रश्न अधिक बिकट आहे. आलापल्लीहून चंद्रपूरची बाजारपेठ शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तेथील वनविभागाच्या किंवा खासगी जुन्या वाहनाला दुकानात जो मिळेल तो फिल्टर बसतो. वनवृत्ताने पावसाळ्यापूर्वी आपल्या वाहनांसाठी योग्य क्रमांकाचे फिल्टर आलापल्ली आणि सिरोंचा येथे साठवून ठेवले, तर ही अडचण बरीच सुटेल.

काढलेल्या तेलाचे आणि फिल्टरचे काय होते, हा प्रश्न व्याघ्र प्रकल्पाला टाळता येणार नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. प्रत्यक्षात गावातील गॅरेजचे काळे तेल सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावले जाते, नाहीतर मागच्या नाल्यात जाते. मोहर्लीजवळच्या इरई जलाशयावर चंद्रपूर शहर आणि औष्णिक वीज केंद्र दोन्ही अवलंबून आहेत. वाघाच्या अधिवासाला लागून असलेल्या त्या पाण्याच्या काठावर एक झाकणबंद पिंप, फिल्टर उपडे ठेवून निथळण्याची जाळी आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याशी करार, इतकी सोय प्रकल्पाने मोहर्लीत तरी करावी.

निथळलेला फिल्टर कापून कागद पसरला, तर इंजिनाची प्रकृतीही वाचता येते : चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे, तांबूस चमक बेअरिंगची, पांढरट चकाकी बहुधा पिस्टनची. चंद्रपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांना बोलावून हे एकदा चालकांना दाखवले, तर बनावट आणि अस्सल फिल्टर शेजारी शेजारी कापूनही दाखवता येतील, आणि त्यानंतर खरेदीचा सल्ला वेगळा द्यावा लागणार नाही.

गाभा क्षेत्रातील सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. अनेक गाड्या त्या तीन महिन्यांत मोकळ्या असतात. फेरीसंख्येची नोंदवही, मोहर्लीचे पिंप आणि प्रशिक्षणाचा एक दिवस या तिन्ही गोष्टी त्याच काळात उभ्या करून १ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीपासून त्या लागू कराव्यात, अशी विनंती आहे.